कान देणारा श्रोता

मराठीत 'लक्ष वेधणे' असा एक वाक्प्रचार आहे आणि 'कान देणे' असा दुसरा. बोलताना आपण दोन्ही जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. पण थोडे थांबून पाहिले, तर त्यांतील अंतर ध्यानी येते. वेध घेतला जातो तो बाणाने. त्यात नेम धरणाऱ्याचे कौशल्य असते. ज्याचा वेध घ्यायचा त्याची इच्छा कोणी विचारीत नाही. कान मात्र द्यावा लागतो. देणाऱ्याने आपखुशीने दिला, तरच तो मिळतो. श्रोत्यांसमोर बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताला या दोहोंची गरज नेहमीच भासत आली आहे. आधी लोकांचे लक्ष वेधले जावे, ते येऊन बसावेत, आणि मग त्यांनी कान द्यावा, हा क्रम जुनाच आहे. समाजमाध्यमांच्या या दिवसांत पहिल्या गोष्टीचा मोठा बाजार भरला आहे. त्या बाजारात फिरता फिरता दुसरी गोष्ट आपल्या हातून निसटत आहे की काय, आणि निसटली तर संगीताचे काय होईल, हा प्रश्न येथे तपासावयाचा आहे.

प्रथम हे पाहू की, प्रत्यक्ष मैफलीत श्रोता नेमके करतो तरी काय. हिंदुस्थानी संगीताची बैठक हे याचे उत्तम उदाहरण ठरेल. तानपुरे जुळवले जात असतात, तेव्हाच गवई समोरच्या मंडळींचा अंदाज घेत असतो. विलंबित ख्यालाचे पहिले आवर्तन संथपणे पुढे सरकते. तबल्याचा ठेका चालू असतो. आणि स्वरांची सारी वळणे घेऊन गायक नेमका समेवर येऊन पोहोचतो, तेव्हा समोरच्या चार माना आपोआप डोलतात. ती दाद म्हणजे केवळ कौतुक नव्हे. आपण टाकलेले पाऊल कोणाला तरी कळले, याची ती पोचपावती असते आणि तिच्या जोरावर गायक पुढचे पाऊल अधिक धाडसाने टाकतो. समोरची माणसे वेगळी असती, तर त्या रात्रीचा तो राग वेगळा झाला असता. अशा संगीतात श्रोता हा गिऱ्हाईक नसतो. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याइतकाच तोही त्या गाण्याचा साथीदार असतो.

हे ज्यांनी पुरते ओळखले होते, त्यांत किशोरी आमोणकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे निधन 2017 साली झाले. मैफलीत कुजबुज झाली, कोणाची ये-जा सुरू राहिली, तर गाणे थांबवून त्या श्रोत्यांना सुनावीत. अनेकांनी त्याला अहंकार म्हटले. तिकीट काढून, दुरून आलेल्या माणसाला चारचौघांत बोलणे ऐकावे लागले तर तो दुखावणार, हे आम्हांलाही मान्य आहे. तरीसुद्धा त्यांच्या रागावण्यामागची मागणी रास्त होती असे आमचे मत आहे. स्वराला उभे राहण्यासाठी शांततेची जागा लागते, आणि ती जागा एकटा गायक निर्माण करू शकत नाही, हेच त्या परोपरीने सांगत होत्या. आळवून गायिलेला एखादा स्वर कुजबुजीत विरून जातो. द्रुत लयीतली तान तेवढी त्या गोंगाटातूनही ऐकू येते. म्हणजे श्रोते कान देईनासे झाले की सर्वांत आधी मरते ते संथ, सूक्ष्म, हळुवार संगीत. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील साऱ्या विवेचनाचे मूळ त्यात आहे.

आता कोणी म्हणेल की, यंत्र आले आणि संगीत बिघडले, ही ओरड शंभर वर्षांची आहे. ते खरेच आहे. 1902 सालच्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्याला गौहर जान या गायिकेचे गाणे ग्रामोफोन कंपनीने मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तास-दीड तास फुलणारा राग त्या तीन मिनिटांत कसा बसवावा, ही त्या पिढीच्या कलावंतांपुढची मोठी अडचण होती. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीतून आपले नाव पुकारते. तबकड्या जर्मनीत तयार होत. कोणती तबकडी कोणाची हे तेथील कारागिरांना कळावे, हा त्यामागचा हेतू सांगतात. पण आज ऐकताना वाटते की, न दिसणाऱ्या श्रोत्याला 'मी अमुक' असे ओरडून सांगण्याची वेळ कलावंतावर प्रथम आली ती तेव्हा.

त्या बंधनातूनही सुंदर गोष्टी जन्मल्या, हे नाकारता येणार नाही. तीन मिनिटांत रागाचे सारे रूप उभे करणे ही एक शिस्त होती. जुन्या तबकड्यांतून त्या शिस्तीचे तेज आजही जाणवते. शिवाय ज्या घरांना दरबाराची किंवा धनिकांच्या दिवाणखान्याची पायरी चढणे शक्य नव्हते, त्या घरांत गाणे पोहोचले ते तबकडीमुळेच. उलट गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी ध्वनिमुद्रणाविषयी कायम अढी बाळगली. मोजक्या तबकड्या सोडल्या, तर त्यांचे गाणे समोर बसलेल्यांसाठीच राहिले. आणि नियतीचा खेळ असा की, 1977 साली 'व्हॉयेजर' या अंतराळयानांबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीताची जी सुवर्णतबकडी पाठवण्यात आली, तीत भारताच्या वतीने निवड झाली ती केसरबाईंच्या भैरवीची. यानांनी उड्डाण केल्यानंतर काही आठवड्यांतच त्या निवर्तल्या. समोर श्रोता नसेल तर गाण्यात काय अर्थ, असे ज्यांना वाटे, त्यांचा स्वर आज ताऱ्यांमधल्या पोकळीत, श्रोत्यावाचून प्रवास करीत आहे.

तेव्हा मुद्रण हे पाप नव्हे. तबकडीने राग आखूड केला असेल; पण ती मैफलीत येऊन बसली नाही. तिची जागा घरात होती, मैफलीची जागा मैफलीत होती. रेकॉर्ड ऐकलेला माणूस पुढे गवयाला ऐकायला येई, आणि आला की कान देई. आज जे यंत्र आपल्या खिशात आहे, ते दोन्ही ठिकाणी एकाच वेळी असते. फरक पडला आहे तो येथे.

लक्ष भरपूर आणि श्रवण शून्य, ही स्थिती मोबाइलच्या आधीही जगाने पाहिली आहे. 1965 सालच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स या चौकडीला पाहण्यासाठी पंचावन्न हजारांवर माणसे जमली. किंकाळ्या इतक्या की, गाणाऱ्यांनाच आपले गाणे ऐकू येईना. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1966 मध्ये, सान फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर त्यांनी जाहीर दौरे कायमचे बंद केले आणि ते ध्वनिमुद्रणगृहात शिरले. जगातील सर्वाधिक लक्ष ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांनाच ऐकणारा श्रोता मिळेनासा झाला होता. लक्ष वाढले म्हणजे श्रवण वाढते, या समजाला याहून चोख उत्तर कोणते असणार?

याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग पुष्कळांच्या वाचनात आला असेल. 12 जानेवारी 2007 रोजी सकाळी, कामावर जाण्याच्या घाईच्या वेळी, वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात साध्या वेषातला एक तरुण व्हायोलिन वाजवीत उभा राहिला. तो होता जोशुआ बेल, जगातील अव्वल वादकांपैकी एक. हातातले वाद्य 1713 सालचे स्ट्रॅडिव्हेरियस; वाजवीत होता बाखची रचना. तीनच दिवसांपूर्वी बोस्टनच्या भरल्या सभागृहात तो वाजवून आला होता. येथे त्रेचाळीस मिनिटांत 1,097 माणसे जवळून गेली. मिनिटभर तरी थांबून ऐकले ते अवघ्या सातजणांनी. पुढ्यातल्या पेटीत जमले बत्तीस डॉलर आणि काही सेंट. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे पत्रकार जीन वाइनगार्टन यांनी यावर लिहिलेल्या लेखाला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

हा प्रसंग प्रवचनांतून नि भाषणांतून फार सांगितला जातो, आणि त्याचे तात्पर्य बहुधा 'धावपळीत माणसाला सौंदर्य दिसेनासे झाले' असे काढले जाते. आम्हांला ते तात्पर्य अपुरे वाटते. त्या हजार माणसांना कामावर वेळेत पोहोचावयाचे होते. त्यांनी कोणाला कान देण्याचा शब्द दिला नव्हता. रस्त्यातून जाणाऱ्याला रसिकतेच्या परीक्षेत नापास करणे हे न्यायाचे नाही. प्रयोगाने सिद्ध काय झाले असेल, तर एवढेच की, श्रेष्ठ संगीतसुद्धा केवळ आपल्या बळावर श्रोता निर्माण करीत नाही. त्याला ठरलेली वेळ लागते, जागा लागते, आणि 'मी ऐकायला आलो आहे' असा ऐकणाऱ्याचा मूक करार लागतो. त्या लेखातील एक निरीक्षण मात्र काळजाला भिडणारे आहे. जवळून जाणाऱ्या प्रत्येक लहान मुलाने थांबण्याचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी आईने वा बापाने त्याला ओढून पुढे नेले. 2014 साली बेल त्याच शहरातील दुसऱ्या स्थानकात, या वेळी आगाऊ जाहीर करून, वाजवायला उभा राहिला, तेव्हा माणसांची दाटी झाली. जाहिरातीने लक्ष मिळवून दिले. त्यांतल्या किती जणांनी कान दिला हे कोण सांगणार?

योगायोग असा की, त्या सकाळच्या तीनच दिवस आधी, 9 जानेवारी 2007 रोजी, अॅपल कंपनीने आपला आयफोन जगापुढे ठेवला होता. आज मागे वळून पाहता वाटते की, बेलने जे एका सकाळपुरते केले, ते आता प्रत्येक वादकाच्या नशिबी रोजचे झाले आहे. मोबाइलचा पडदा हेच ते मेट्रो स्थानक. हजारो माणसे अंगठ्याच्या एका हालचालीने पुढे निघून जातात, आणि कोपऱ्यात कोणीतरी जीव तोडून वाजवीत असतो.

या स्थानकाने संगीताला कसा आकार दिला, हे पाहण्यासारखे आहे. 'इन्स्टाग्राम'ने 2020 साली 'रील' आणली, तेव्हा तिची मर्यादा होती पंधरा सेकंदांची. ती वाढत वाढत 2025 च्या जानेवारीत तीन मिनिटांपर्यंत आली. म्हणजे सव्वाशे वर्षांनी आपण गौहर जानच्या तबकडीपाशी येऊन ठेपलो! पण तबकडी लावणारा माणूस ती चावी फिरवून, सुई ठेवून, ऐकण्यासाठी बसलेला असे. येथे पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही चमकले नाही, तर ऐकणारा निघून जातो. 'स्पॉटिफाय'वर गाणे तीस सेकंद वाजले की ते ऐकले गेले अशी नोंद होते. मग गाण्याचा मुखडा आधीच येतो, सुरुवातीचे वाद्यसंगीत आखडते. आमच्या शास्त्रीय गायकांच्या चित्रफिती पाहाव्यात: आलापाला जागा नाही, वेगवान तान, तबल्याची टाळीखेचू तिहाई आणि गायकाच्या चेहऱ्यावरचे भाव तेवढे उरलेले. गोंगाटात टिकते ते द्रुत आणि झगझगीत, असे वर म्हटले, त्याचाच हा प्रत्यय. आणि एकदा का तान जास्त पाहिली जाते असे आकडे सांगू लागले की, गायक उद्याच्या मैफलीतही तानेकडे घाई करू लागतो. आकडा गळ्यात शिरतो. खरी हानी आम्ही हिला समजतो.

येथे न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 2020 च्या टाळेबंदीत सभागृहे बंद झाली, लग्नसमारंभ थांबले, आणि वाजवून पोट भरणाऱ्या कलावंताच्या हाती काही उरले नाही. तेव्हा याच पडद्याने त्याला श्रोत्यांशी जोडून ठेवले. आडगावातल्या मुलीचा गोड गळा, ज्याला पूर्वी कोणा वशिल्यावाचून व्यासपीठ मिळाले नसते, तो आज परदेशातल्या माणसापर्यंत पोहोचतो. जो कलावंत आपली चित्रफीत टाकतो, त्याला उथळ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याने तसे केले नाही, तर त्याच्या कार्यक्रमाला माणसे येणार कशी? बोलावणे येते तेही किती अनुयायी आहेत हे विचारूनच. बिचाऱ्याला वाजवायचे असते. आणि दिवसाचे निम्मे तास त्याला छायाचित्रकार, संकलक आणि जाहिरातदार होऊन काढावे लागतात. ते तास जातात ते रियाझातून.

आता मोबाइल खुद्द सभागृहात आला, त्याविषयी. 2013 सालच्या जूनमध्ये जर्मनीत एसेन येथे पोलिश पियानोवादक क्रिस्तियान झिमरमन यांनी मैफल चालू असताना एका श्रोत्याला चित्रीकरण करताना पाहिले आणि ते व्यासपीठ सोडून गेले. परत येऊन त्यांनी सांगितले की, 'हे तर आधीच यूट्यूबवर आहे' या कारणाने आपले ध्वनिमुद्रणाचे करार हातचे गेले आहेत. त्यांचा राग काहींना अतिरेकी वाटला. पण मुद्दा पैशांपुरता नाही. चुकण्याची मुभा असेल तरच कलावंत प्रत्यक्ष मैफलीत धोका पत्करतो. प्रत्येक चूक कायमची नोंदली जाणार असेल, तर तो सुरक्षित वाट धरील. ऐकणाऱ्याचेही नुकसान होतेच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंची नुसती छायाचित्रे घेतली, त्या केवळ पाहिलेल्या वस्तूंपेक्षा लोकांना कमी आठवल्या. आठवण ठेवण्याचे काम यंत्राकडे सोपवले की मन सुट्टी घेते.

यावर उपाय दोन प्रकारचे निघाले आहेत. पहिला कुलपाचा. अमेरिकन गायक जॅक व्हाइट यांनी 2018 च्या दौऱ्यात प्रेक्षकांचे मोबाइल दाराशीच कुलूपबंद पिशव्यांत ठेवायला लावले. दुसरा उपाय विनंतीचा. 'कोल्डप्ले' या इंग्लिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. त्या जगभरच्या दौऱ्यात त्यांचा गायक एक गाणे मध्येच थांबवीत असे आणि हजारोंच्या समुदायाला विनवीत असे की, हे एकच गाणे मोबाइल खिशात ठेवून ऐका. आम्ही या प्रकाराकडे थोड्या संशयानेही पाहतो. रोज रात्री ठरल्या जागी थांबणे हाही प्रयोगाचाच एक भाग झाला होता. आणि याच वाद्यवृंदाचा 26 जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम त्याच वेळी देशभरच्या मोबाइलांवर दाखवला जात होता! तरीही दोहोंत आम्ही विनंतीच्या बाजूने कौल देऊ. कुलूप लावून हात मोकळे करता येतात. कान उघडता येत नाहीत. विनंती मान्य करून जो खिशात हात घालतो, तो त्या क्षणी स्वतःहून श्रोता होतो.

हा प्रश्न आपल्या अंगणाबाहेरचा नाही. ख्रिस्तमंदिरातील गायनवृंदाला तर तो अधिकच बोचरा आहे, कारण तेथे गाणे असते ते लक्ष वेधण्यासाठी नव्हे. 1903 साली संत सिसिलियाच्या सणादिवशी पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी जे पत्र काढले, त्यात नाटकी ढंगाच्या संगीतावर कडक ताशेरे होते. तेव्हाचा मोह ऑपेराचा होता, आजचा पडद्याचा आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 8 नोव्हेंबर 2017 रोजी रोममध्ये भाविकांशी बोलताना खंत व्यक्त केली होती की, मिस्साबलिदानाच्या वेळी अंतःकरणे उंचवा असे धर्मगुरू म्हणतो, मोबाइल उंचवा असे म्हणत नाही. आणि हा दोष केवळ प्रापंचिकांचा नाही, धर्मगुरू व बिशपही त्यात आहेत, हेही त्यांनी सांगून टाकले.

धर्मग्रामाच्या सभागृहातील मुलांच्या कार्यक्रमाचे काय? वर्षभर शिकून एखादी मुलगी व्हायोलिन घेऊन उभी राहते. तिला शे-दोनशे माणसांचे लक्ष नको असते. तिचे डोळे गर्दीत आईला शोधतात. आईच्या चेहऱ्याच्या जागी तिला दिसते मोबाइलची पाठ. आई प्रेमापोटीच चित्रीकरण करीत असते, यात शंका नाही. परंतु त्या दिवशी मुलगी एक धडा शिकते: समोर बसलेल्यांपेक्षा समोर नसलेले महत्त्वाचे आहेत. पुढे ती कलावंत झाली, तर हाच धडा घेऊन व्यासपीठावर जाईल, आणि कान देणारे श्रोते तिला कोठे भेटलेच नव्हते, तर ती ते मागणार तरी कशी?

समाजमाध्यमे राहणार आहेत, आणि कलावंताने त्यांकडे पाठ फिरवावी असा सल्ला देण्याचे धाडस आम्ही करणार नाही, कारण त्याची किंमत त्याला मोजावी लागेल, आम्हांला नव्हे. तो बिनदिक्कत आपली चित्रफीत टाको. फक्त मैफलीत बसला की समोरच्या पन्नास माणसांसाठी वाजवो. श्रोत्यांनी करावयाचे त्याहून सोपे आहे. यंदा सणाच्या संध्याकाळी कार्यक्रम असेल, तेव्हा चित्रीकरणाचे काम एकाच कोणाकडे सोपवावे आणि त्याने ते मागाहून सर्वांना पाठवावे. बाकीच्यांनी मोबाइल पिशवीत ठेवून पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत बसावे. गाणे साधारण असेल, पेटी थोडी बेसूरही असेल. तरी गाणाऱ्याला त्या संध्याकाळी समोर माणसांचे चेहरे दिसतील, आणि तो आदल्या वर्षीपेक्षा चांगला गाईल असा आमचा अंदाज आहे.